मामा, आडोशाचं भांडण राहून गेलं

मामा, तुझ्या घरात आत्ता सतरा माणसं आहेत आणि सतराही बोलताहेत. मी मोजली. मोजून झाल्यावर जिन्यात येऊन बसले, तिथून गच्चीवर गेले, गच्चीवर ऊन टोचायला लागलं म्हणून परत जिन्यात. परवा तुझा तेरावा. खुर्च्या किती लागतील हे मांडववाला खालच्या रस्त्यावरून ओरडून विचारतोय आणि तुझे दाजी, माझे आप्पा, वरून ओरडून सांगताहेत. कुणाच्या तरी फोनवर भजन चालू आहे आणि त्याच्यावर दुसऱ्या कुणाच्या फोनवर बातम्या. तू असतास तर एव्हाना मागच्या दाराने सटकला असतास आणि आम्ही म्हणालो असतो, बघा, निघाला परत.

रडून झालं माझं. पहिले चार दिवस नुसती रडत होते. आता मला भांडायचं आहे. तीन आठवड्यांपूर्वी आपलं भांडण अर्धं राहिलं. तू कट्ट्यावरून उठून आत गेलास, मी रागाने लॅपटॉप मिटला आणि पुण्याची गाडी धरली. पुढच्या वेळी आले की बघते तुझ्याकडे, असं वाटभर मनात म्हणत होते. पुढच्या वेळी आले तेव्हा तू जमिनीवर होतास आणि नाकात कापूस होता. हे काय वागणं झालं, मामा?

आपण दोघं मिळून एक ॲप बनवत होतो हे खालच्या सतरांपैकी पंधरा जणांना अजून खरं वाटत नाही. जन्मभर चादरीच्या कारखान्यात नक्षी काढलेला माणूस आणि मोबाइलचं ॲप! काल तुझ्या एका शेजाऱ्याने मला विचारलं, त्यात गाणी वाजतात का? मी त्यांना समजावून सांगायला गेले. बाजारात, लग्नात, बसस्टँडवर आवाज, उजेड, वास, धक्के असं सगळं एकदम अंगावर येतं आणि काही माणसांचं डोकं बधिर होतं. अशा माणसाला जवळपास कुठे टेकता येईल, ते हे ॲप दाखवतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग घरीच बसावं की अशानं. मी उठून आत गेले. उठून जाणं आता मलाही जमायला लागलंय.

आडोसा हे नाव तुझंच. मी कामाच्या सवयीने एक लांबलचक इंग्रजी नाव घेऊन आले होते. तू ते दोनदा म्हणून बघितलंस आणि म्हणालास, "मने, ह्ये नाव घेईस्तवर मानूस भोवळ येऊन पडंल की."

दीड वर्षापूर्वी पुण्यात आमच्या ॲप बनवणाऱ्या ऑफिसमध्ये याच विषयाचं काम माझ्याकडे आलं. मी आपली माहिती वाचत बसले होते. अचानक आवाज झाला की घाम फुटणं, कानात दडे बसणं, समोरचा काय बोलतोय ते न कळणं, तिथून पळून जावंसं वाटणं, आणि हे सगळं बघून लोकांना तो माणूस शिष्ट वाटणं. एवढं वाचलं. मला सरळ तूच दिसलास, पांढरा सदरा, खिशाला दोन पेन्सिली. ऑफिसचं ते काम पुढे बारगळलं, पण मी त्या दिवशी बाहेरच्या जिन्यात जाऊन तुला फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा.

चार वर्षं का, ते खाली सगळ्यांना पाठ आहे. माझं लग्न. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. तिच्याकडचं माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, तिचा भाऊ. मला बोहल्यावर तू आणायचं होतंस, मंगलाष्टकं संपेपर्यंत माझ्या मागे तू उभं राहायचं होतंस. मला दागिन्यांचं कौतुक नव्हतं, ह्या एका गोष्टीचं होतं. बँड कार्यालयाच्या दारात, फटाक्यांची माळ जिन्यात. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. परत पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मुलाकडची माणसं हसायला लागली. शेवटी आप्पांच्या कुठल्याशा मावसभावाला मामा केला. त्याने माझा दंड असा घट्ट धरला होता की मी पळून जाणार आहे असं त्याला वाटत असावं.

आणि तू कुठे होतास? मागच्या गल्लीत, तुमच्याच कारखान्यात, चालू यंत्रमागांच्या मधोमध सुताच्या पोत्यावर बसून होतास. शोधायला गेलेल्यांनी येऊन हे सांगितलं आणि सगळं कार्यालय पेटलं. ह्याला म्हणे बँड सोसत नाही, आणि चोवीस माग धडधडत असताना हा पाय लांब करून बसलाय! ज्याचा जन्म मागात गेला तो आवाजाला भितो, हे सोलापुरात कोणाला पटणार होतं? मलाही पटलं नाही. मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं की तुला माझा नवरा पसंत नाही आणि हा त्याचा निषेध आहे. एवढा मोठा निषेध करायला तू काही पुढारी नव्हतास, पण रागात माणूस काहीही जुळवतं.

फोनवर मी लग्नाचं काढलं नाही, तूही काढलं नाहीस. एक काम आहे, तुला समजेल असं वाटतं, एवढंच म्हणाले.  तू म्हणालास, "ये की. शेंगाची चटणी करून ठेवाय सांगतो मामीला."

थांब, मांडववाला वर आलाय.

झालं. दोनशे खुर्च्या. तुला दोनशे माणसं दिसली असती तर तू स्वतःच्या तेराव्यालाही आला नसतास.

काम करताना तू मला छळलंस, हे आज सांगून टाकते. मी लॅपटॉपवर स्क्रीन काढायची आणि तू ती नक्षीच्या चौकडी कागदावर चौकोन मोजून परत काढायचास. चादरीचा काठ बसवतात तसं प्रत्येक बटण किती चौकोनांचं, ते तुझं ठरलेलं. "एका चादरीत तीनच्या वर रंग घालू नये, डोळं दमत्यात," म्हणून माझे नऊ रंग तू एका दुपारी खोडलेस. लाल तर हद्दपारच केलास. लाल बघून आधीच धडधडणारी छाती अजून धडधडेल, म्हणालास. मी गर्दीची जागा आली की फोन थरथरेल अशी सोय केली होती, मोठ्या हौसेने. तुझ्या खिशात फोन थरथरला आणि तू तो काढून गादीवर फेकलास. "आदीच ज्याचं डोकं फिराय लागलंय, त्याच्या खिशात आजून एक घंटा बांधतीस व्हय?" मामी आतून हसली. मी हसले नाही. ती सोय करायला मला आठवडा लागला होता.

पण माझी खरी फजिती नकाशात झाली. आपण दोघं भर दुपारी शहर फिरलो. नवी पेठ, सात रस्ता, बसस्टँड, भाजी मंडई. मी फोनवर आवाज मोजायची, तू शेजारी उभा राहून कागदावर पेन्सिलीने काहीतरी मांडायचास. घरी येऊन मी आकड्यांवरून नकाशा रंगवला. मागांची गल्ली सगळ्यात वाईट ठरली, कारण आकडा सगळ्यात मोठा. आणि एका सरकारी कचेरीतला बाकांचा हॉल सगळ्यात उत्तम, कारण तिथे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तू नकाशा बघितलास आणि पोट धरून हसलास. तुला इतकं हसताना मी लहानपणीही पाहिलं नव्हतं.

"मने, ह्या कचेरीतनं मी दहाव्या मिंटाला बाहेर आलोय. ती ट्यूबलाइट फडफडती, कवा कुनाचं नाव पुकारत्यात म्हाईत न्हाय, मागचा मानूस गुडघा लावून बसतोय. आन् मागाच्या गल्लीत मी डबा खातो."

"अरे पण केवढा आवाज आहे तिथे!"

"आसू दे की. त्यो तसाच येतो. आता आला तसाच फुडच्या घडीला. बँडवाला कवा ढोलावर घालंल त्ये कुनाला ठावं?"

 माझ्या लग्नादिवशीचं तुझं पोत्यावर बसणं मला तेव्हा, साडेचार वर्षांनी, कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझ्यासमोर बसले होते, मामी पाणी भरत होती, बोलायला काहीही अडचण नव्हती. मी काय केलं, तर वही काढून लिहून घेतलं की नकाशात जागा किती मोठ्याने वाजते ते दाखवायचं नाही, ती दचकवते का ते दाखवायचं. आणि तुला म्हटलं, भारी आहे हे, मामा. भारी! 

त्याच दिवशी मला मामीही नव्याने दिसली. मिक्सर लावायच्या आधी ती हाक देते, "लावते हं मिक्सर." कुकरच्या शिट्टीआधी, "शिट्टी हुईल आता." भांडं पडलं तर दुसरं पडायच्या आत, "आजून एक हाय." मला ती बडबडी वाटायची. संसारभर ती तुला प्रत्येक आवाज आधी सांगत आली होती आणि ह्याला काही नाव असतं हेही तिला माहीत नव्हतं. मी मात्र ह्या विषयावर ऑफिसात तासभर बोलून टाळ्या घेतल्या होत्या.

ॲप काही जणांना वापरायला दिलं तेव्हा तुझं म्हणणं आणखी पक्कं झालं. अक्कलकोटच्या त्या बाई आठवतात? त्यांच्या मुलीला मंदिराची घंटा आणि धुपाचा वास एकत्र आला की ती "साकु, साकु", कानडीत पुरे, पुरे, असं म्हणत जमिनीवर बसते. तू त्यांच्याशी तुझ्या मोडक्या कानडीत बोललास आणि मला म्हणालास, बटणावर लांबलचक काही लिहू नको, एकच शब्द लिही, बास. तेव्हा जीभ चालत नसते, डोळे एकच शब्द धरतात. त्या मुलीच्या फोनवर तो शब्द साकु असावा, तुझ्या फोनवर बास. आणि तिला मागांची गल्ली दाखवू नको, तिचं तिला निवडू दे. नोकरीत मला हे कुणी शिकवलं नाही. तुझ्यामुळे मला माझं काम कळलं, आणि हे मी तुला एकदाही सांगितलं नाही, कारण तू लगेच चढून बसला असतास.

आता भांडण.

मी त्या दिवशी नवीन स्क्रीन आणली होती. समोरच्याला दाखवायची. पांढऱ्यावर काळी अक्षरं: मला आवाजाचा त्रास होतो आहे, मी थोडा वेळ बाहेर जातो आहे.

"ह्ये काढ," तू म्हणालास.

"का? लोकांना सांगितल्याशिवाय कळणार कसं?"

"सांगून काय हुतंय? वाचत्याल आन् म्हनत्याल, नाटकं करतोय."

"सगळे तसे नसतात, मामा."

"तू फकस्त कुटं जायाचं त्ये दाव. लोकांचं लोकांपाशी."

"असं कसं? सांगायलाच हवं!"

"मने, ऐक की. न्हाय उपेग."

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, साडेपाच वर्षं दाबून ठेवलेलं. "मग माझ्या लग्नात तरी सांगायचं होतंस! एका माणसाला, एका शब्दाने! सगळ्यांसमोर मी उभी होते आणि तुझ्या नावाने हाका चालल्या होत्या!"

तू माझ्याकडे बघितलंस.  मग गुडघ्यावर हात टेकून उठलास आणि आत गेलास. मामी म्हणाली, "चा तर घेऊन जा गं." मी थांबले नाही.

काल दहावा झाला. बायकांनी घाटावर कशाला, असं दोघातिघांनी म्हणून बघितलं. मी गेले, मामीही आली. कावळा शिवेना. मग सुरू झालं. मामीला सांभाळू म्हणून एक ओरडला, घराचं बघू म्हणून दुसरा. मनीषा, ॲप पूर्ण करते म्हण, कुणीतरी मला ढकललं. मी म्हणाले, मीही ओरडूनच म्हणाले. पंचवीस माणसं त्या भाताच्या गोळ्यावर वाकून एकाच वेळी तुला आश्वासनं देत होती आणि कावळे समोरच्या लिंबावरून आमच्याकडे बघत होते. शेवटी मामी म्हणाली, "जरा गप ऱ्हावा की समदी." ती कधी आवाज चढवत नाही, म्हणून सगळे गप्प झाले.

तेव्हा आप्पा पुढे आले. त्यांनी हात जोडले.

"आनंदा," आप्पा म्हणाले, "लग्नादिशी सकाळी तू मला बोलला हुतास. म्हनलास, दाजी, बँड जरा लांब उभा करा, न्हायतर मला उभं ऱ्हायला झेपायचं न्हाय. मी हसलो. म्हनलं, मागात जल्म गेला तुजा, नाटकं करू नगं. आन् पोरीला काय सांगू नगं, तिचा जीव टांगनीला लागंल. तू शबूद पाळलास. मी मातूर कुनाला बोललो न्हाय. चुकलो बाबा."

थोड्या वेळाने कावळा आला. लोक म्हणाले, आप्पा बोलले म्हणून आला. माझं मत, सगळे गप्प झाले म्हणून आला. तुझ्या बाबतीत मला तेच खरं वाटतं.

परत येताना गाडीत मी मामीला विचारलं, तुला माहीत होतं? "व्हय," मामी म्हणाली. "त्येनी शपत घातली हुती. म्हनायचे, बापलेकीत आपुन कशाला यावं."

आप्पांशी मी कालपासून बोललेले नाही. आत्ता ते खाली खुर्च्या मोजून घेताहेत, मधेच चुकून परत पहिलीपासून मोजताहेत, आणि मला त्यांचा राग येतो आणि खाली जाऊन खुर्च्या मीच मोजाव्यात असंही वाटतं. पण तुझाही राग येतो. तू त्यांना सांभाळलंस. मला चार वर्षं तुझ्याशिवाय काढायला लावलीस. त्या चार वर्षांत माझी मुलगी झाली, तिचे कान टोचताना तिला मांडीवर घेऊन बसायला तू नव्हतास. कट्ट्यावर मी एवढं बोलले तेव्हाही तू आप्पांचं नाव घेतलं नाहीस. इतका चांगुलपणा कशाला लागतो रे माणसाला?

भांडणात तू जिंकलास हे मान्य करते. सांगून उपयोग नसतो हे तुला माहीत होतं, कारण तू सांगून बघितलं होतंस. पण मी पूर्ण हरलेले नाही. स्क्रीन मी काढणार नाही, तिचं तोंड फिरवणार आहे. ती त्रास होणाऱ्या माणसाने गर्दीत दाखवायची नाही. घरून निघायच्या आधी ती त्याच्या सोबतच्यांकडे जाईल, आप्पांसारख्यांकडे, माझ्यासारख्यांकडे. सकाळपासून लिहितेय. पहिली ओळ: हा माणूस सांगतोय ते खरं आहे. दुसरी: तो उठून गेला तर अडवू नका, हाका मारू नका. तिसरी ओळ परत आल्यावर काय करायचं, ह्याची. ती लिहिते आणि खोडते. म्हणून तर जिना-गच्ची चाललंय सकाळपासून.

ती का लिहवत नाही ते सांगते. तू लग्न सोडून गेलास, एवढंच खालच्या सगळ्यांना माहीत आहे. तू परत आला होतास. ते फक्त तुला आणि मला माहीत आहे. पंगती चालू होत्या, बँडवाले जेवायला बसले होते, मी स्टेजवर एकटीच्या फोटोसाठी उभी होते. तू बाजूच्या पायऱ्या चढून वर आलास. सदऱ्यावर सुताचे तंतू चिकटले होते. "मने," एवढंच म्हणालास. फोटोवाल्याने मला विचारलं, हे कोण, ह्यांना घ्यायचं का फोटोत? मी तुझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, मी नाही ओळखत ह्यांना. तू मान हलवलीस, जसं काही मी बरोबरच बोलले, आणि खाली उतरलास. न जेवता गेलास. दीड वर्ष आपण शेजारी बसून काम केलं, तू ते एकदाही काढलं नाहीस, आणि मीही नाही.

मामा, माझं चुकलं. कट्ट्यावर बोलले तेही, आणि त्याच्या कितीतरी आधी, त्या स्टेजवर. मला तुझी माफी मागायची होती. आधी ॲप पूर्ण होऊ दे, मग चांगलं सावकाश बसून बोलू, असं मी ठरवून ठेवलं होतं.

तिसरी ओळ आता लिहिली आहे. परत आला की काही विचारू नका, त्याची जागा त्याला द्या. आणि त्या फोटोवाल्याला आज उत्तर देते. हे माझे मामा आहेत. ह्यांना इथे, माझ्या मागे उभं करा.